रूम भाड्याने देणे आहे. पण आधी पूर्ण नाव सांगा

जून-जुलैत कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की विष्णुपुरीत एक दृश्य हमखास दिसते. पाठीवर सॅक अडकवलेला मुलगा, सोबत गावाकडून आलेला बाप किंवा मोठा भाऊ, आणि दोघेही गेटवरच्या पाट्या वाचत गल्लीगल्लीने फिरताहेत. "रूम भाड्याने देणे आहे." खोली दाखवली जाते. नळाला पाणी कधी येते ते सांगितले जाते, लाइट बिल वेगळे हेही सांगितले जाते. आणि मग प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय म्हणालास?"

आडनाव कांबळे, वाघमारे, सोनकांबळे असेल तर विषय तिथेच संपतो. गायकवाड, जाधव, मोरे असेल तर पुढची परीक्षा असते. "गाव कोणते? गावात घर कोणत्या बाजूला? पाव्हणे कुठले?" मराठवाड्यात जात विचारायला जात हा शब्द लागत नाही. "आम्हाला शुद्ध शाकाहारी पाहिजे" असे सांगणाऱ्याच्या घरात रविवारी मटण शिजते. "फक्त फॅमिलीला देतो" म्हणणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर आठवड्याभरात दोन पोरे राहायला आलेली दिसतात. नकार कधीच जातीच्या नावाने येत नाही. तो "घरात विचारून सांगतो" अशा गोड भाषेत येतो.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने एम.ए.ला असताना खोली पसंत करून टोकन दिले होते. दुसऱ्या दिवशी ऑटोत सामान भरून तो दारात पोहोचला. मालकाने आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, ती वाचली, आत गेला, बाहेर येऊन टोकनचे पाचशे रुपये परत हातावर ठेवले आणि म्हणाला, "आमचा भाऊ पुण्याहून परत यायलाय." सामान त्याच ऑटोतून सिडकोत मावशीकडे गेले. भाऊ काही आला नाही. पाटी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर होती.

हे वाचताना आपल्यातल्या अनेकांना आपापली पाटी आणि आपापला "भाऊ" आठवला असेल. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा अनुभव आपण खाजगी दुःख म्हणून गिळत आलो. गावातला बहिष्कार दिसला की आपण मोर्चा काढतो, आणि काढलाच पाहिजे. पण शहरातला नकार आपण कोणाला सांगतही नाही. दुसरी खोली शोधतो, आडनाव तोंडातल्या तोंडात पुटपुटायला शिकतो, आणि पुढे नोकरी लागली की त्याच भागात प्लॉट घेऊन म्हणतो, "आता आपल्याला कोणी विचारू शकत नाही." इथेच आपली चूक होते आहे.

ज्या जागेवर आपला हक्क आहे

विष्णुपुरी हे काही एखादे आडगाव नाही. श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय इथे १९८१ साली सुरू झाले. पुढे विद्यापीठ आले, वैद्यकीय महाविद्यालय आले. गोदावरीच्या काठची शेती प्लॉटिंगमध्ये गेली आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या खेड्यापाड्यांतली पोरे इथे शिकायला येऊ लागली.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची. ते ज्या विद्यापीठातून वेगळे झाले, त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले ते त्याच वर्षी, १४ जानेवारी १९९४ ला. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा होता, म्हणजे मधे सोळा वर्षे गेली. त्या सोळा वर्षांत मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये याच नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या. विद्यापीठाच्या नावासाठी लढा सुरू असताना जातीयवाद्यांनी हल्ला कुठे केला? आपल्या घरांवर. आपण शिकतो हे जितके खुपते, तितकेच आपण नीट घरात राहतो हेही खुपते. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी आपल्या तरुणाचा खून झाला, आणि फिर्यादीत कारण भीमजयंती साजरी केल्याचा राग हेच सांगितले गेले. म्हणजे गावात आपण राहिलो तरी चालते, आपल्या मर्जीने राहिलो की चालत नाही. शहरातला घरमालक तेच सभ्य भाषेत सांगतो.

बाबासाहेबांनी हे सगळे भोगले होते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर गेला तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन त्यांना राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचे घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. नाव बदलून धर्मशाळेत राहण्यापासून स्वतःच्या नावाने राजगृहात राहण्यापर्यंतचा तो प्रवास आहे. आज आपण मात्र उलट्या दिशेने चाललो आहोत. घर स्वतःचे, पण गेटवरच्या पाटीवर आडनाव नाही, फक्त "साई कृपा" किंवा "आई-बाबांचे आशीर्वाद". हॉलमध्ये बुद्धमूर्ती शोभेची वस्तू म्हणून चालते, बाबासाहेबांचा फोटो मात्र आतल्या खोलीत. हे कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पोरांना कॉलनीत कोणी खेळायला घेईल की नाही, या भीतीतून माणसे असे करतात. पण ही भीती एकेकट्याने संपत नाही, एवढे तरी आपण मान्य करूया.

"माझे घर आहे, मी कोणालाही देईन"

या विषयावर बोलले की हा युक्तिवाद लगेच येतो, आणि आपलीच शिकलेली पोरे कधीकधी त्याला मान डोलावतात. आपण त्याचा नीट विचार करूया. हॉटेलही मालकाचेच असते. तरी त्याने आपल्याला वेगळा कप द्यावा का? एकेकाळी देत होते आणि तेव्हाही "माझे हॉटेल आहे" हेच उत्तर होते. संविधानाच्या कलम १५(२) ने ते उत्तर बाद केले. जो माणूस आपल्या राहत्या घरात पाहुणा कोण यावा हे ठरवतो, त्याच्या घरात आम्ही डोकावत नाही. पण ज्याने रस्त्यावर पाटी लावली, चार मजले फक्त भाड्यासाठी बांधले, त्याने धंदा मांडला आहे. धंद्यात जात चालणार नाही.

आणि हे फक्त नैतिक म्हणणे नाही, कायदाही तसा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ४ नुसार कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तो गुन्हा आहे, आणि शिक्षा किमान एक महिना ते सहा महिने कैदेची. त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये बहिष्कार म्हणजे काय हे समजावताना घर भाड्याने देण्यास नकार हे उदाहरण पहिल्यांदा दिले आहे. आणि कलम १२ म्हणते की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्याच कारणावरून झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे, आणि आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत व्यवहार करायला नकार देणे येते.

मग अडते कुठे? पुराव्यात. जो माणूस "भाऊ येतोय" म्हणतो, त्याने जात म्हटलेलीच नसते. शिवाय न्यायालयांचा कलही नेहमी आपल्या बाजूने नसतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम वैध ठरवला. बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काढल्याला तेव्हा ८८ वर्षे होत आली होती.

पण पुरावा उभा करता येतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत एक साधा प्रयोग केला. त्याच भाड्याच्या घरांसाठी उच्चजातीय, दलित आणि मुस्लिम अशा वेगवेगळ्या नावांनी विचारणा केली. बाकी सगळे सारखे, फरक फक्त नावाचा. दलितांना नकार मिळाला, मुस्लिमांना त्याहून जास्त मिळाला. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत काळ्या लोकांना घर नाकारण्याविरुद्ध हीच पद्धत वापरली गेली. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ साली शिकागोच्या काळ्या वस्तीत भाड्याने खोली घेऊन राहिले आणि घरांच्या प्रश्नावर त्यांनी मोर्चे काढले. एप्रिल १९६८ मध्ये त्यांचा खून झाला आणि आठवड्याभरात तिथे घर विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. ज्या देशातल्या पँथरवरून आपण आपल्या पँथरचे नाव घेतले, तिथे घर हा चळवळीचा प्रश्न होता. आपल्याकडे का नाही?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईला मराठी म्हणून जागा नाकारली गेली. दोन दिवस सगळे चॅनेल पेटले, पुढाऱ्यांनी निषेध केला. तो निषेध बरोबरच होता. आमचा प्रश्न एवढाच, की त्याच मराठी माणसाच्या गेटवरून विष्णुपुरीत, पुण्यात, लातूरमध्ये आपली पोरे रोज परत पाठवली जातात, तेव्हा मराठी अस्मिता कुठे असते?

सरकार भाडे देते, खोली देत नाही

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत सुरुवातीला शहरानुसार वर्षाला ४३ हजार ते ६० हजार रुपये ठरले होते. पैसे उशिरा येतात ही तक्रार आपण सगळेच करतो. पण मूळ गोम वेगळीच आहे. भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे मुलाने घरमालकाकडे कागदावर सही मागायची. कशासाठी, असे मालक विचारणारच. उत्तर दिले की योजनेचे नावच जात सांगते. ज्याने आडनाव लपवून खोली मिळवली, त्याने सही मागितली तर खोली जाते, आणि नाही मागितली तर पैसे जातात. योजना आखणाऱ्याला हे सुचले नाही, कारण त्याला कधी खोली नाकारली गेली नसावी.

म्हणून मागणी नुसती "स्वाधारचे पैसे वेळेवर द्या" एवढी असून चालणार नाही. वसतिगृहांच्या जागा वाढवा ही पहिली मागणी हवी. भाड्याने राहण्याच्या पुराव्यासाठी घरमालकाच्या सहीऐवजी दुसरा सोपा मार्ग ठेवा, ही दुसरी.

प्लॉट घेतला म्हणजे सुटलो का?

आता आपल्यातल्या नोकरदारांकडे वळूया. शिक्षक, नर्स, ग्रामसेवक, बँकेतला लिपिक असा आपला वर्ग आज विष्णुपुरी, असर्जन भागात प्लॉट बघतो आहे. चांगल्या, मंजूर ले-आउटमधल्या प्लॉटची चौकशी केली की "सगळे बुक झालेत" असे ऐकू येते, नाहीतर भाव असा सांगितला जातो की माणूस आपणहून मागे फिरतो. मग एजंट दुसरीकडे नेतो. "सर, हा बघा २० बाय ३०, स्वस्तात आहे, तुमच्याच लोकांनी घेतलेत." शंभर-पाचशेच्या बाँडवर नोटरी केली जाते आणि आयुष्यभराची कमाई त्या कागदावर ठेवली जाते.

मित्रहो, बाँड म्हणजे मालकी नव्हे. स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. सातबाऱ्यावर तुमचे नाव लागत नाही, बँक कर्ज देत नाही, उद्या रस्ता-नाली मागायला गेलात तर "ले-आउट मंजूर नाही" हे उत्तर मिळते. घेण्याआधी सातबारा आणि फेरफार पाहा, अकृषिक परवानगी आणि मंजूर नकाशा पाहा. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. नवीन प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर त्याची महारेराकडे नोंदणी आहे का ते पाहा. आणि नदीची पूररेषा कुठून जाते हे विचारायला लाजू नका. गोदावरी एजंटला ओळखत नाही.

"तुमच्याच लोकांनी घेतलेत" या वाक्यातली मेख ओळखा. ज्या जमिनीला कागद नाही, जिथे नाली नाही, जिथे पाणी घुसते, ती "तुमच्या लोकांची". गावकुसाबाहेरची वस्ती शहरात अशी नव्याने तयार होते, आणि या वेळी ती आपण स्वतःच्या पैशाने विकत घेतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, एकत्र राहिलेले बरे. विहार होतो, जयंती होते, सुरक्षितता राहते. यात तथ्य आहे. बाबासाहेबांच्या मार्गदर्शनाखाली १९४२ साली नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती, १९४७ च्या त्यांच्या संविधानविषयक निवेदनातही ती होती. पण ती मागणी शासनाने जमीन द्यावी, स्वतंत्र आयोग नेमावा, अशी होती. बाँडवरच्या प्लॉटांच्या रांगेला स्वतंत्र वसाहत म्हणत नाहीत. एकत्रच राहायचे असेल तर मागासवर्गीयांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढा, शासनाकडे जमीन मागा. आणि कॉलनीत राहायचे असेल तर स्वतःच्या नावाने राहा. दोन्ही मार्ग स्वाभिमानाचे आहेत. चोरून राहणे हा मार्ग नाही.

आणि आपली खोली?

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी. आपल्यातल्या ज्यांनी घरे बांधली, वर दोन खोल्या काढल्या, ते त्या कोणाला देतात? आम्ही विचारून पाहिले. काही घरी मान खाली घालावी लागली. "आपली पोरे नकोत, चळवळीच्या नादात भाडे थकवतात." "मातंगाचा मुलगा नको, मंडळींना चालत नाही." "मुस्लिम असेल तर शेजारी बोलतील." म्हणजे जो प्रश्न आपल्याला गेटवर विचारला गेला, तोच प्रश्न आता आपण आपल्या गेटवर विचारतो. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावून हे चालत असेल, तर आपण घर बांधले असे म्हणता येईल, धम्म स्वीकारला असे म्हणता येणार नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात काय सुरू केले होते? वसतिगृह. नागसेनवनात कॉलेजसोबत वसतिगृहेही उभी राहिली. मुलाला शाळेत घालण्याआधी त्याला डोके टेकायला जागा लागते, हे बाबासाहेबांना बडोद्यात कळले होते. वसतिगृहापासून सुरू झालेली ही चळवळ आपल्या प्लॉटच्या कंपाऊंडपाशी थांबू नये.

म्हणून येत्या जूनच्या आत तीन कामे करूया. विष्णुपुरी परिसरात ज्यांची घरे आहेत, त्यांनी आपल्या रिकाम्या खोल्यांची एक यादी करावी. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, भाडे ठरलेले, करारावर सही नक्की. दुसरे, विद्यार्थ्यांनी दोघा-दोघांच्या जोड्या करून पाटीवरच्या नंबरांना वेगवेगळ्या आडनावांनी विचारणा करावी आणि तारीख, वेळ, उत्तर वहीत लिहून ठेवावे. फोनपेक्षा मेसेज करावा, म्हणजे उत्तर लेखी राहते. तिसरे, पाच ठोस प्रकरणे जमली की ती घेऊन समाजकल्याण कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात जायचे. १९५५ चे कलम ४ दाखवायचे आणि विचारायचे, हा कायदा नांदेडला लागू आहे की नाही?

तोपर्यंत ज्यांच्या दारावर नाव नाही, त्यांनी नाव लावावे. पूर्ण नाव. गेटवर विचारला जाणारा प्रश्न तेव्हाच संपेल, जेव्हा उत्तर आपण आधीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेले असेल.

जय भीम!